उन्हाळ्याची मजा घड्याळ बघून करा: पहिल्यांदाच ठरवणाऱ्यांसाठी

उन्हाळा आला की लोक यादी करायला बसतात. हे बघायचं, ते बनवायचं, इतके पिक्चर, इतकी पुस्तकं. मग पहिल्याच रविवारी दुपारी १२ला उत्साहात बाहेर पडायचं, २ वाजता डोकं धरून घरी यायचं आणि उरलेला सीझन पंख्याखाली फोन बघत काढायचा. यादी वाईट नसते हो, फक्त तिच्यात वेळ लिहिलेली नसते. माझं म्हणणं एवढंच आहे की उन्हाळ्यात काय करायचं ते नंतर ठरवा, कधी करायचं ते आधी ठरवा. शहर सकाळी, सिनेमा दुपारी किंवा अंधार पडल्यावर, चुलीसमोरचं काम पहाटे, कविता रात्री. तुमचा उन्हाळा कुठल्या महिन्यात येतो ते तुम्ही कुठे राहता त्यावर आहे, उत्तरेकडे जून ते ऑगस्ट, दक्षिण गोलार्धात डिसेंबर ते फेब्रुवारी, उष्ण कटिबंधात बऱ्याच ठिकाणी पावसाच्या आधीचे महिने. पण दिवसाचा हिशोब सगळीकडे साधारण सारखाच.

पायरी १: आधी तुमच्या दिवसाचं ऊन समजून घ्या

बहुतेकांना वाटतं दुपारी १२ म्हणजे सगळ्यात गरम. नाही. १२च्या आसपास सूर्य सगळ्यात वर असतो, पण हवा सगळ्यात जास्त तापते ती साधारण ३ ते ५ मध्ये, कारण हवेला थेट उन्हापेक्षा तापलेली जमीन जास्त गरम करते आणि जमीन तापायला वेळ घेते. आणि सगळ्यात गार वेळ मध्यरात्रीची नसते, सूर्योदयाच्या आसपासची असते, कारण जमीन रात्रभर उष्णता सोडतच राहते.

म्हणजे सांभाळायच्या गोष्टी दोन आणि त्यांच्या वेळा वेगवेगळ्या. एक, त्वचा भाजणारे अतिनील किरण, ते भर माध्यान्हीला. दुसरी, अंगाची लाही करणारी गरम हवा, ती त्यानंतर. किरणांसाठी ॲप नसलं तरी चालतं, स्वतःची सावली बघा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक आहे, टोपी घाला नाहीतर आत या. सावली लांब असेल तर बरंच निवांत.

घड्याळातले १२ आणि सूर्याचे १२ एकच असतील असं नाही, काही देशांत तर उन्हाळ्यात घड्याळच एक तास पुढे करतात. त्यामुळे हवामानाच्या ॲपमध्ये सूर्योदय आणि सूर्यास्त बघा, दोन्हीच्या बरोबर मधली वेळ काढा, ती तुमची खरी माध्यान्ह. तिच्या आधीचे २ तास आणि नंतरचे ४-५ तास बाहेरच्या कार्यक्रमातून सरळ काढून टाका. उरलेला दिवस तुमचा. ॲपमध्ये तापमानाच्या शेजारी 'फील्स लाइक' असतं तोही आकडा बघा, दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही, म्हणून ३३ अंश कोरड्या हवेत सोसतात आणि दमट हवेत जीव नको करतात.

पायरी २: शहर सकाळी बघा, आणि एकच तुकडा बघा

नवीन माणूस नकाशावर आठ ठिकाणं टिक करतो. तसं करू नका. एकच भाग निवडा, दोन-तीन किलोमीटरमध्ये चालून होईल एवढा, आणि सूर्य उगवल्यावर अर्ध्या तासात तिथे पोचा. पहिल्या बसने किंवा ट्रेनने गेलात तर बसायला जागाही मिळते आणि शहर उघडताना दिसतं, शटर वर जातात, रस्ते झाडले जातात, भाजीच्या गाड्या रिकाम्या होतात. हे १० वाजता जाणाऱ्याला कधीच दिसत नाही.

रस्ता निवडायची पण एक पद्धत आहे आणि ती फार कोणी सांगत नाही. सकाळी ऊन पूर्वेकडून येतं, त्यामुळे उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यावर पूर्वेकडच्या बिल्डिंगांची सावली पडते, म्हणून पूर्वेकडच्या फुटपाथवरून चाला. दुपारनंतर याच्या उलट, पश्चिमेकडचा फुटपाथ. पूर्व-पश्चिम रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ ऊन रस्त्याच्या लांबीतून घुसतं आणि सावली फारशी मिळत नाही, तिथून जावंच लागलं तर सकाळी पश्चिमेकडे तोंड करून जा म्हणजे निदान ऊन पाठीवर राहतं, डोळ्यात जात नाही.

कोणी म्हणेल संध्याकाळी का नाही. जा की, पण दाट वस्तीत नको. डांबर, काँक्रीट, दगड दिवसभर उष्णता पितात आणि सूर्य गेल्यावर ती परत सोडत बसतात. शहर आजूबाजूच्या गावांपेक्षा गरम राहतं आणि हा फरक रात्री जास्त जाणवतो हे ल्यूक हॉवर्ड नावाच्या माणसाने लंडनमध्ये वर्षानुवर्षं रोज तापमान लिहून ठेवून १८१८ सालीच दाखवलं होतं. म्हणून संध्याकाळी बाग, नदी, तलाव, समुद्र जे काय जवळ असेल ते, आणि जुन्या गल्लीबोळांसाठी सकाळ.

पिशवीत काय? पाणी, टोपी, छोटा टॉवेल, काहीतरी खारट खायला, फोनमध्ये ऑफलाइन नकाशा आणि एक लहान वही. वही कशाला ते शेवटी कळेल. पाणी तहान लागायची वाट न बघता दर वीसेक मिनिटांनी थोडं थोडं प्यायचं. आणि हे सिरियसली वाचा: गरगरलं, मळमळलं, डोकं ठणकायला लागलं तर कार्यक्रम तिथेच बंद, सावलीत बसा, कपडे सैल करा, मानेवर काखेत ओलं कापड ठेवा, पाणी घोट घोट प्या. माणूस असंबद्ध बोलायला लागला, बेशुद्ध झाला किंवा अंग तापलेलं असून शुद्ध हरपल्यासारखं वाटलं तर तो उष्माघात असू शकतो, घरगुती उपाय करत बसू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी मारत वारा घालत राहा, आणि शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

ऊन चढलं की आत जायची जागा आधीच ठरवलेली हवी. जुन्या जाड भिंतीच्या इमारती बेस्ट, दगडी भिंतीतून बाहेरची उष्णता आत यायला कित्येक तास लागतात त्यामुळे सकाळभर आत गारवा टिकतो. लायब्ररी, देऊळ, चर्च, संग्रहालय काहीही. संग्रहालय असेल तर वेळ तपासून जा, बऱ्याच शहरांत ती सोमवारी बंद असतात. आणि तिथे गेल्यावर पूर्ण बिल्डिंग बघायची शपथ घेऊ नका, एक दालन निवडा आणि तिथेच तासभर घालवा. अख्खं संग्रहालय एका दिवसात बघणारा माणूस शेवटी फक्त पाटीवरची नावं वाचत असतो.

पायरी ३: दुपार थिएटरला द्या

उन्हाळा आणि सिनेमा यांचं नातं एसीने जोडलं. त्याआधी बऱ्याच थिएटरांसाठी उन्हाळा म्हणजे मंदी, कोंदट हॉलमध्ये कोण बसणार, काही तर बंदच ठेवायचे. १९२५ साली न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरमध्ये विलिस कॅरियरच्या कंपनीने थंड हवेची यंत्रणा बसवली आणि लोक पिक्चर कुठलाही असो, गारव्यासाठी यायला लागले. आपण दुपारचा शो बघतो तेव्हा तेच करत असतो, लाजायचं कारण नाही.

जमलं तर आठवड्याच्या मधल्या वारी दुपारचा शो घ्या, गर्दी कमी असते. सीट मधली, पडद्यापासून दोन तृतीयांश मागे. पातळ ओढणी किंवा शर्ट सोबत ठेवा, तिसऱ्या रीळापर्यंत थंडी वाजायला लागतेच (रीळ आता कुठे असतात म्हणा). शो सुटल्यावर थेट उन्हात न जाता पाचेक मिनिटं लॉबीत थांबा.

घरीच बघायचं तर खोली सकाळीच तयार करायची. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम व्हायला लागली की खिडक्या बंद, उन्हाच्या बाजूचे पडदे ओढलेले. खिडकीच्या बाहेरून सावली करता आली, चटई, ताडपत्री, काहीही, तर आतल्या पडद्यापेक्षा ती कितीतरी चांगली, कारण काचेतून आत आलेलं ऊन पडद्याने अडवलं तरी उष्णता खोलीतच राहते. पंखा लावा पण खोलीतली हवाच ४० अंशांच्या वर गेली असेल तर पंखा गरम हवाच अंगावर मारतो, तेव्हा ओलं कापड किंवा गार जागा गाठणं बरं.

कुठला पिक्चर? माझं मत, दुपारी बर्फातला बघा. पडद्यावर माणसं कुडकुडत असताना आपण गार पाणी पीत बसायचं यात जो आनंद आहे तो मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेलं नाही. आणि मध्ये झोप लागली तर लागू द्या.

पायरी ४: गॅस पहाटे, जेवण गार

यात सगळ्यात जास्त खेळायला मिळतं. नियम एक, ज्याला आच लागते ते काम सूर्य चढायच्या आत. कडधान्यं, बटाटे, अंडी, पास्ता, जे उकडायचं ते सकाळी उकडून, पसरट भांड्यात लवकर गार करून फ्रीजमध्ये. संध्याकाळी फक्त कापायचं, कालवायचं, वाढायचं.

काकडीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, कलिंगडात ९०च्या वर, म्हणून ती खाल्ल्यावर बरं वाटतं. पण सॅलडमध्ये तेच पाणी सुटून सगळं पचपचीत होतं. कापलेल्या काकडीला मीठ लावून १५-२० मिनिटं चाळणीत ठेवा, हलकी पिळा आणि मग ड्रेसिंग घाला. टोमॅटो पिकलेला असेल तर फ्रीजमध्ये नको, थंडीने त्याचा वास मरतो. पुदिना सढळ हाताने घाला, त्याने अंगाचं तापमान काही उतरत नाही, पण त्यातलं मेन्थॉल जिभेवरच्या थंडी ओळखणाऱ्या नसांना जागं करतं आणि मेंदू म्हणतो गार आहे. फसवणूकच, पण चालते.

आता गोड. मशीनशिवाय दोन प्रकार जमतात.

पहिला बर्फाळ चुरा. अर्धा लीटर फळाचा गाळलेला रस, त्यात ६०-८० ग्रॅम साखर आणि लिंबू. रस मुळातच खूप गोड असेल तर साखर कमी करा. चव घेतल्यावर थोडं जास्तच गोड वाटायला पाहिजे, कारण थंड झाल्यावर जिभेला गोडी कमी कळते. साखर फार कमी झाली तर दगड होतो, फार जास्त झाली तर गोठतच नाही. पसरट ट्रेमध्ये ओता, फ्रीजरमध्ये ठेवा आणि दर अर्ध्या तासाने काट्याने कडा खरवडून मध्ये आणा. तीनेक तासांत मस्त चुरा तयार. काटा मारायचं विसरलात तर एक सलग लादी मिळते, ती थोडा वेळ बाहेर ठेवून कुटा, तीही वाईट लागत नाही.

दुसरा पिशवीतलं आइस्क्रीम, लहान मुलं असतील तर हेच करा. छोट्या झिपवाल्या पिशवीत एक कप साय घातलेलं दूध आणि दोन मोठे चमचे साखर, हवा काढून घट्ट बंद, वरून आणखी एक पिशवी. मोठ्या पिशवीत चार कप बर्फ आणि अर्धा कप जाडं मीठ. छोटी मोठीत घाला आणि दहाएक मिनिटं हलवत राहा. मीठ लागल्यावर बर्फ शून्याच्या खालीसुद्धा वितळतो, आणि वितळायला लागणारी उष्णता दुधातून ओढून घेतो. मिठाचं पाणी उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं, म्हणून टॉवेलात गुंडाळूनच धरा नाहीतर हात भाजल्यासारखे होतात. नॅन्सी जॉन्सन या अमेरिकन बाईंनी १८४३ साली हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या भांड्याचं पेटंट घेतलं ते याच तत्त्वावर. उघडायच्या आधी छोटी पिशवी बाहेरून धुवा, नाहीतर पहिला चमचा खारट.

शिजवलेलं अन्न आणि कापलेली फळं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. पिकनिकला बहुतेक पोटं इथेच बिघडतात. डबा गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्यांच्या मध्ये ठेवा, बाटल्या वितळल्या की प्यायला पाणी तयार.

पायरी ५: गच्चीवर किंवा अंगणात पिक्चर

उघड्यावर सिनेमा दाखवायची हौस जुनी, १९३३ साली अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये पहिलं पेटंटवालं ड्राइव्ह-इन थिएटर सुरू झालं, गाडीत बसून पिक्चर. आपल्याला गाडी नको, एक चादर आणि उसना प्रोजेक्टर पुरतो.

जागा बघताना आधी अंतर काढा. प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीत 'थ्रो रेशो' दिलेला असतो, त्याला चित्राच्या रुंदीने गुणलं की पडद्यापासूनचं अंतर मिळतं. रेशो १.५ आणि चित्र २ मीटर रुंद हवं असेल तर ३ मीटर. एवढी जागा नसेल तर चित्र लहान करा, दुसरा मार्ग नाही. उजेडाचा आकडा बघताना 'एएनएसआय लुमेन' असं लिहिलंय का ते बघा, स्वस्त प्रोजेक्टरच्या जाहिरातीत नुसते हजारो लुमेन लिहिलेले असतात त्यांना काही अर्थ नसतो.

चादर पांढरी, इस्त्री केलेली, चारी बाजूंनी ताणलेली, खालच्या कडेला वजन बांधलेलं. वारा आला की सैल चादरीवर हिरोचा चेहरा पोटासारखा हलतो. स्पीकर प्रोजेक्टरजवळ नाही, पडद्याजवळ ठेवा, आवाज माणसांच्या तोंडातून आल्यासारखा वाटला पाहिजे. ब्लूटूथवर ओठ आणि आवाज मागेपुढे होत असतील तर वायर लावा. सगळं दिवसाउजेडी एकदा जोडून बघा, अंधारात केबल शोधण्यात अर्धा तास जातो आणि मुलं तोपर्यंत चिप्स संपवतात.

सूर्यास्त झाल्या झाल्या सुरू करू नका, निदान ३०-४० मिनिटं थांबा. विषुववृत्ताच्या जवळ अंधार पटकन होतो, फार उत्तरेला जूनमध्ये रात्र नीट काळी होतच नाही, तिथल्यांनी ऑगस्टची वाट बघावी. पौर्णिमेच्या आजूबाजूचे दिवस टाळा, चंद्र चित्र धुऊन टाकतो. पिक्चर उजेडातल्या सीनचा निवडा, रात्री घडणारा थ्रिलर कमजोर प्रोजेक्टरवर म्हणजे काळ्या चादरीकडे बघत संवाद ऐकणं. लांबी दीड-पावणेदोन तास. शेजाऱ्यांना सांगून ठेवा, नाहीतर सरळ बोलवा, बोलावलेला माणूस आवाजाची तक्रार करत नाही. घरच्या माणसांपुरतं ठीक आहे, पण तिकीट लावून किंवा सगळ्यांना खुलं करून दाखवायचं असेल तर हक्कांची परवानगी लागते.

पायरी ६: रात्री कविता, आधी वाचायची मग लिहायची

पिक्चर नसलेली रात्र कवितेची. कवितेला घाबरणाऱ्यांसाठी सोपी पद्धत: एकच कविता, लहान, मोठ्याने, दोनदा. पहिल्यांदा अर्थ लागेल न लागेल, दुसऱ्यांदा चाल लागते. दोन-चार जण असाल तर प्रत्येकाने एकेक आणायची, समजावून सांगायची नाही, वाचून गप्प बसायचं. उजेड मंद ठेवा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका फोनच्या स्क्रीनने ती मोडते. रातकिडे ऐकू येत असतील तर लक्ष द्या, हवा गरम असेल तर ते भराभर किरकिरतात आणि गार झाली की संथ होतात, ॲमॉस डॉलबेअर या शास्त्रज्ञाने १८९७ साली त्यावरून तापमान काढायचं सूत्रच दिलं होतं.

आता ती वही. सकाळी फिरताना, थिएटरातून बाहेर पडताना, काकडी पिळताना जे दिसलं, ऐकू आलं, हाताला लागलं ते त्यात एका-एका ओळीत लिहायचं होतं (सांगायचं राहिलं, आता सुरू करा). भावना लिहायच्या नाहीत, वस्तू लिहायच्या. 'खूप छान वाटलं' याचं काही होत नाही. 'तापलेल्या कठड्यावर ओला टॉवेल, पाच मिनिटांत वाळला' याचं होतं.

सुरुवातीला तीन ओळींचा हायकू बरा. जपानीत ५-७-५ असे ध्वनी मोजतात आणि ऋतू सांगणारा एक शब्द असतो, पण ऋतूचं नाव घेतलंच पाहिजे असं नाही, एखादा किडा, फळ, फूल आलं तरी ऋतू कळतो. मराठीत शिरीष पै यांनी हा प्रकार रुजवला, आपल्याकडे अक्षरांच्या मोजणीवर फार अडून बसत नाहीत, बरेचदा दोन ओळींत यमक असतं आणि शेवटच्या ओळीत चित्र पलटतं. वहीतल्या लांब लांबच्या दोन ओळी उचला, शेजारी ठेवा, मध्ये काय जोडता येतं ते बघा. 'उन्हाळा', 'गरम', 'रखरखीत' हे तीन शब्द वापरायला बंदी, एवढा एकच नियम पाळलात तरी कविता निम्मी सुधारते.

लिहिलेलं लगेच कोणाला पाठवू नका. आठवडाभर वहीत राहू द्या, मग मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळते तो शब्द बदला. आणि शेवटची ओळ आधीच्या दोन ओळींचा अर्थ समजावत असेल तर ती खोडून तिथे वहीतली दुसरी एखादी वस्तू ठेवून बघा.